मुद्देमाल क्रमांक एक्केचाळीस

चौदा वर्षं माझ्या कपाटात होती ती पिशवी.
माझ्या म्हणजे, माझ्याआधी गिरासे हवालदार,
त्यांच्याआधी आणखी कोणी. लाख मात्र तीच,
उन्हाळ्यात मऊ पडायची, पुन्हा घट्ट व्हायची.
थाळनेरखाली तापी आटली होती त्या वैशाखात,
डांगराच्या वाडीसाठी खड्डा घेताना निघालेलं:
जबडा एक, दात चार, मांडीचं हाड,
चपलेचा अंगठा.
पंचनाम्यात ‘अनोळखी पुरुष, वय अंदाजे’.
अंदाजे किती, ते लिहायचं राहून गेलंय.

दोनदा नाशिकला नेली, एसटीने, मांडीवर धरून.
दोनदा परत आली.
‘नमुना अपुरा.’

यंदा साहेब म्हणाले, नवी पद्धत आलीय,
दाताच्या मुळातली तिळाएवढी पूड पुरते.
बापाचं राहू द्या, पेशीच्या एका कोपऱ्यात
एक लिखाण असतं, ते फक्त आईकडून येतं.
आई, तिची आई, तिची आई...
माझा चहा तसाच राहिला.
एकतीस वर्षं मी फॉर्म भरतोय,
नावापुढे बाप, बापापुढे आडनाव,
आईचा रकाना आत्ता आत्ता आला.
हाडावर तो आधीपासून होता.

भोईवाड्यात कौतिकबाई दगा भोई.
मुलगा आधार, पुराच्या साली गेलेला.
पुढे देशभर त्याच्या नावाची कार्डं निघाली,
त्याचं तेवढं नाही.
म्हातारीचा अंगठा जाळं ओढून ओढून गुळगुळीत,
रेशनच्या मशीनवर उमटत नाही.
दर महिन्याला दुकानदार सांगतो,
आजी, तुम्ही तुम्ही नाहीत.
मी कापसाची काडी काढली, तोंड उघडायला लावलं.
‘आते गाल बी सरकारले देऊ का?’
आणि हसली.
दहा वेळा फिरवली काडी, सूचनेप्रमाणे.

अहवाल पाच पानी. चार पानं मला कळली नाहीत.
पाचव्यावर: जबडा आणि बाई यांचा मातृवंश जुळतो,
नातं नाकारता येत नाही.
हो म्हणत नाहीत ते लोक,
नाही म्हणवत नाही, असं म्हणतात.
आणि खाली, बारीक अक्षरात,
मांडीचं हाड दुसऱ्याच कोणाचं.
चौदा वर्षं दोन माणसं
एका पिशवीत, एका नंबरावर,
एकमेकांना काही न विचारता.

तिच्या पायरीवर बसून मी वाचून दाखवलं.
‘मन्हा आंडोर घर ऊना,’ एवढंच.
जाळ्यातली एक गाठ सोडवत राहिली.
मग, ‘आनि तो दुसरा?’
त्याची माय सापडली नाही अजून, मी म्हटलं.
‘व्हई ना कोठे तरी.’

इतकी वर्षं आखाजीला तिने घागर भरली नव्हती.
जित्याची भरत नाहीत,
आणि मेला असं कोणी लिहून देत नव्हतं.
यंदा कुंभाराकडून दोन आणल्या.
दोन्हींवर डांगर, दोन्हींशेजारी आंबा.
पहिलीला हात लावून आधार म्हणाली.
दुसरीवर हात ठेवला, थांबली,
ओठ हलले, नाव काही आलं नाही.
पाणी ओतलं.

जूनमध्ये मी निवृत्त होतोय.
किल्ली रमीला पावराकडे जाईल, पोरगी हुशार आहे,
तिला कपाटाचा वास अजून लागलेला नाही.
एक्केचाळीस ‘अ’ निकाली.
एक्केचाळीस ‘ब’ला नवी लाख, नवा दोरा.
शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं: आई शोधणे.
साहेब म्हणाले, हा काही शेरा होत नाही.
खोडलं नाही मी.