प्रकल्प चौथा : पांढरं

आम्हा पाच जणांत एक कॅमेरा,
पट्टा तुटला म्हणून सुतळीनं बांधलेला.
कोष्टी सरांनी फळ्यावर लिहून दिलं :
एक, वेग. दोन, खोली. तीन, अंधार.
चार, पांढरं.
कुणी विचारलं, पांढरं म्हणजे काय सर?
सर खडू झटकत म्हणाले, तेच.

वेगासाठी आयर्विन पुलावर.
सुकुमार म्हणाला, शटर हळू ठेव, पाणी दुधागत येतं.
पण एप्रिलातली कृष्णा वाहायला तयार नव्हती.
एक म्हैस तेवढी हलली
आणि फोटोत चार शिंगांची झाली.
तिला दहापैकी सात मिळाले.

खोलीसाठी मिरज, रझियाच्या चाचांचं दुकान.
खुंटीला टांगलेले भोपळे, अजून सतार न झालेले.
आकडा लहान तर भोक मोठं,
हे उलटं गणित मला तीन दिवस पचलं नव्हतं,
तिथं एकदम उमगलं : पुढचा भोपळा नखाएवढ्या चिरेसकट,
मागचे सगळे विरघळलेले.
चाचा म्हणाले, धूसर कुणाला करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा,
तारेला फक्त हात लावू नका.

अंधारासाठी हरिपूर.
शेतात एक जुनं पेव उरलंय, हळद साठवायचं.
आत माणूस सोडत नाहीत, हवा कोंडलेली असते,
म्हणून टायमर लावून कॅमेराच सोडला दोरीनं.
वर आला तेव्हा त्यात अकरा काळे चौकोन.
सर म्हणाले, प्रामाणिक आहे, पण गुण कशाला देऊ?

चौथ्याला मी एकटीच गेले, मार्केट यार्डात,
आप्पा जिथं पोती उचलतात.

सरांनी शिकवलं होतं,
कॅमेऱ्याला मुळात काही कळत नाही,
आधी एक कोरा कागद दाखवायचा,
सांगायचं, हे पांढरं.
मग बाकीचे रंग तो आपापल्या जागी बसवतो.

शेडमध्ये सौदा चालू. खोऱ्यानं ढीग उलटत होते.
मी कागद उघडून धरेपर्यंत
त्याच्यावर हळद बसली होती.
मला दिसलीच नाही. घरी सगळंच तसलं असतं,
उशीचे अभ्रे, दाराची कडी, माझ्या वह्यांचे कोपरे.
मी पिवळा कागद दाखवला, म्हणाले, हे पांढरं.
यंत्रानं निमूट ऐकून घेतलं.

फोटोत आप्पांचं बनियन शुभ्र.
ढीग ज्वारीच्या पिठागत फिके,
दात निळसर, मिशीतले पिकले केस निळे,
पत्र्याच्या फटीतून आलेलं ऊन
चांदण्यासारखं.

आई बावीस वर्षं ते घासतेय.
साबण लागला की हळद आधी लाल होते,
मग उन्हात हळूहळू उडते,
तोवर दुसरी पोती, दुसरा दिवस.
तिला जे जमलं नाही
ते माझ्याकडून एका चुकलेल्या कागदानं झालं.

सर म्हणाले, चूक आहे. परत काढ.
परत काढला. ह्या वेळी कागद दुधाच्या पिशवीत घालून नेला.
रंग जागच्या जागी आले. आप्पाही.

रात्री दोन्ही दाखवले छोट्या पडद्यावर.
आप्पांनी बोट आधी लुंगीला पुसलं, तरी डाग उठलाच.
"ह्यो कोण गं? लग्नातला वाटतोय."
"आन ह्यो?"
"ह्यो रोजचा. ह्याला काय बघायचं."

आई भाकरी टाकून आली. बराच वेळ पांढराच धरून बसली.
मला वाटलं, आता काहीतरी बोलेल.
म्हणाली,
"खांद्यापाशी उसवलंय की हो. पिवळ्यात दिसलं न्हाई कधी.
काढून द्या, टाका घालते."

मी रोजचा जमा केला. आठ गुण.
पडद्यावरचा तो डाग अजून आहे,
सुकुमार त्याच्यावरून भांडतो,
म्हणतो, ह्याच्यामुळं सगळ्यांचे फोटो
एका कोपऱ्यात पिवळे दिसतात.
दिसतात फक्त. येत नाहीत.