निफाडचा पारा

आई नाशिकरोडला प्रेसमध्ये होती.
एकतीस वर्षं ताव मोजले,
सुटताना रोज झडती दिली,
एक चतकोरही घरी आणला नाही.
ती विचारते, तुमच्या एक्स्चेंजमध्ये काय छापतात गं?

काहीच नाही.
मी चौदा महिने एक वाक्य लिहीत होते:
निफाडला पहाटे पारा चार अंशांखाली गेला, तर
अमुक इतके पैसे.

कुणाचा थर्मामीटर? गहू संशोधन केंद्राचा.
तो बिघडला तर?
बरोबर चार म्हणजे खाली की वर?
मुंबईत काचेच्या खोलीत तीन बैठका
एका दशांश चिन्हावर.
मग नियामकाचं पत्र:
थंडी हा माल आहे काय?

विमलताई बोरस्त्यांना मात्र द्राक्षबागेत
उभ्या उभ्या कळलं.
"म्हणजे इसार. वेळ आली तर वसूल,
नाही तर सोडून द्यायचा."
माझं अकरा पानी माहितीपत्रक
त्यांनी घडी करून शेकोटीला वारा घालायला घेतलं.

पण घेणाऱ्यासमोर विकणारा लागतो.
तो भद्रकालीत सापडला,
याकूब पिंजारी, भुवयांत कापूस.
"कडाका पडला की रजया पुरत नाहीत,
तेव्हा देईन की.
नाही पडला तर गाठोडी माझ्याच उशाला,
तेव्हा त्यांचा इसार येऊ दे."
दोघं एकमेकांना भेटले नाहीत.
भेटायचं नसतंच.
मध्ये आम्ही,
एकीचा इसार, दुसऱ्याचं तारण घेऊन
दोन्ही शब्दांना जामीन.

पहिल्या दिवशी नऊ सौदे.
त्यातले सहा सुरतेच्या एका पोराचे,
ज्यानं निफाड नकाशातही पाहिलं नसेल.
त्याच्यामुळे भाव हलता राहिला,
हे मला मान्य करावं लागतं.

मुदत संपायच्या पहाटे
केंद्रावर चार पूर्णांक एक.
उगावच्या खोलगट बागेत दवाचं काचपाणी,
मण्यांना तडे.
वाक्य अक्षरशः खरं ठरलं,
म्हणून विमलताईंना काही मिळालं नाही.

आई म्हणाली, आमच्याकडे खोट निघाली
की ताव जाळायचे.
पण आधी मोजायचे.

मार्चमध्ये नवा मसुदा नेला:
थर्मामीटर दोन, निफाड आणि उगाव,
कमी असेल तो धरायचा.
इसार जरा वाढेल, म्हटलं.
विमलताईंनी छाटणीची कात्री पदराला पुसली.
"वाढू दे. आणि तिसरा
माझ्या बांधावर कधी लावतेस?"