धार लावू नये

अंबडच्या एमआयडीसीत, रबराच्या कारखान्यामागे
आम्ही चौदाव्या शतकातल्या तलवारी बनवतो.
दिवसाला सहा. लाइट गेली तर चार.

पोलाद ट्रकच्या कमानपाट्यांचं,
द्वारकेच्या भंगारवाल्याकडून किलोवर घेतलेलं.
ज्या पाट्यांनी कांद्याचं ओझं पाठीवर घेऊन
वीस वर्षं कसारा घाट उतरला,
ते भट्टीत लाल होतात, लांबतात,
तेलात चरचरतात.
पाणी द्यायचं म्हणतो आम्ही, देतो तेल.

इनूसभाई शिकलगार दोन्ही कडा घासतात.
त्यांचं आडनावच धारेचं.
पण ऑर्डरीत लिहिलेलं असतं :
कड दोन मिलिमीटर, गोल, बोथट.
तिकडे लोक रविवारी चिलखतं घालून
कुरणात लढतात,
आणि संध्याकाळी एकमेकांना गाडीनं घरी सोडतात.
"आजा धार लावायचे पैसे घ्यायचा,
मी न लावायचे घेतो," इनूसभाई म्हणतात.
तरी प्रत्येक पात्यावरून अंगठा फिरवतात. आडवा.

मी टेबलावर. कागद माझ्याकडे.
वजन : अकराशे ऐंशी ग्रॅम.
बघायला येणारे हिरमुसतात.
त्यांना मणभराची हवी असते,
दोघांनी मिळून उचलायची.
मी म्हणते, जिच्यावर पोट, ती वस्तू
मुद्दाम जड कोण करील?
आणि पात्यातली ती नळी रक्त वाहून जायला नाही,
वजन कमी करायला आहे, मनगटासाठी.
ते मान डोलावतात
आणि रक्ताचीच गोष्ट घेऊन घरी जातात.

जुनेपण सगळ्यात शेवटी येतं, निळ्या बादलीत.
आम्ल, मग चहाचं पाणी, मग राख.
सहाशे वर्षं वीस मिनिटांत.
एकविसाव्या मिनिटाला ते पातं खायला लागतं.

मार्चमध्ये एक पार्सल परत आलं.
पात्यावर पासाऊच्या लोहारांची खूण हवी होती, धावता लांडगा.
पुंजाराम गांगुर्डेनं छिन्नीनं कोरला,
खाचेत पितळेची तार ठोकून बसवली.
गिऱ्हाईक लिहितं :
हा लांडगा नाही. शेपूट पाहा.

शेपूट लांब, टोकाशी वर वळलेली.
पुंजारामनं लांडगा कधी पाहिलाच नाही.
पाहिला तो बिबट्या, संक्रांतीच्या सुमाराला,
वडनेरहून सायकलवर येताना,
कुणाच्या तरी कंपाउंडावरून उतरणारा.
"घाईत होता," तो म्हणतो,
"तुमच्या फोटोतलाही घाईतच आहे."

उत्तर मला लिहायचं होतं.
लिहावं का,
की पासाऊचा लांडगा आधी झोलिंगेनच्या लोहारांनीच पळवला,
कुणी पाच रेघांत, कुणी तीन,
काहींचा तर शेळीवर गेलाय;
की लांडगा असला की घाव लागत नाही
अशी समजूत होती म्हणे,
म्हणून खोट्यालाही भाव होता;
की तिकडची पाती गलबतांतून इकडे उतरली,
आमच्या लोकांनी त्यांना आपली मूठ चढवली, आपली परज,
आणि म्हणाले फिरंग,
पाहुण्याला नावानं नाही, गावानं हाक मारावी तसं;
की इनूसभाईंच्या पणज्याचा कुणी पणजा
असल्याच एखाद्या पात्यावरून दगड फिरवत बसला असेल
आणि त्या जनावराला कुत्रा समजला असेल,
आपल्याच गल्लीतला?

लिहिलं ते मालकांनी सांगितलं तेवढंच.
चूक मान्य. नवी पाठवत आहोत.

परत आलेली तलवार पाण्याच्या माठामागे उभी असते.
मुठीला कार्ड, माझ्याच अक्षरातलं : धार लावू नये.

काल जेवणाच्या सुट्टीत, सगळे टपरीवर गेल्यावर,
मागून निसण्यावर पोलाद घासल्याचा आवाज आला.
बराच वेळ. न थांबता.
मी डबा उघडा ठेवून तशीच बसले.

आज इनूसभाईंच्या अंगठ्याला चिंधी आहे.
कसं लागलं, कुणी विचारलं नाही.
सकाळपासून शीळ घालतायत.