शेपूट नसलेलं क्रियापद

डिचोली, आठवी ब, जेवणानंतरचा तास.
फळ्यावर लिहिलं: आय वेंट टू द मार्केट.
म्हटलं, मराठीत सांगा.
मुलगे ओरडले, गेलो. मुली म्हणाल्या, गेले.
तेविसाव्या नंबरचं पोर
पेनाचं टोपण काढत-घालत बसलं.

इंग्रजीची वही मात्र काठोकाठ:
आय स्वॅम. आय फेल. आय डिड नॉट क्राय.
पानभर तो आय, कुंपणाच्या दांड्यासारखा ताठ,
मागे कुठल्याच क्रियापदाला शेपूट नाही.
चुका सोळा. मी सातच सुधारल्या.

तास सुटल्यावर म्हणालं,
टीचर, मराठीचा निबंध इंग्लिशीत बरयला तर?
का रे, म्हणणार होते. का गं, म्हणणार होते.
नुसतं 'का' म्हटलं.
"हांगा कोण विचारिना."

आमच्या घरी कोकणी. धाकट्या बहिणीला
सगळे तें म्हणायचे: तें आयलें, तें जेवलें.
लग्नाच्या पाटावरून उठली, ती झाली.
म्हणजे जागा होती भाषेत,
मुलींपुरती, मुदतीची.

हेडमास्तर म्हणतात, केरकर मॅडम, पोर्शन पुरा करा.
करतेय.
काल फळ्यावर 'दे' लिहिलं, एकाच माणसासाठी.
मागच्या बाकावरून आवाज: टीचर, दे म्हणजे खूप जण ना?
म्हटलं, हेडमास्तर दारात दिसले
की तुम्ही कुजबुजता, ते आले.
किती जण येतात?

वर्ग हसला.
तेविसाव्या नंबरचं टोपण हातून सुटलं,
घरंगळत माझ्या चपलेपाशी आलं.