तीन हात

माझगावच्या या खोलीत राहायला आले
तेव्हाच भिंतीवर डाग होता.
जमिनीपासून दोन हात उंच,
बसलेल्या माणसाचं डोकं टेकतं तिथे.
कडेला पिवळट, मध्ये जुन्या चहासारखा.

रंगकाम करणाऱ्या परकारांनी तो नखाने खरवडला.
"तेल हाय बाई. तीन हात मारले तरी वर येणार."
मारा, म्हटलं.
त्यांनी मारले. फिकट मोतिया.
दिवाळीपर्यंत भिंत गप्प होती.

मी सकाळी पालिकेच्या शाळेत
केळं, सुरई आणि पडद्याची चुणी शिकवते.
रात्री कॅनव्हाससमोर बसते.
आठ महिने बसले.
त्याच्यावर धूळ तेवढी बसली.

मग एका दुपारी, गोदीकडून तिरपा उजेड आला
आणि मोतियाखालून तो आला,
आधी नुसता ओलसर भास,
आठवड्याभरात पुरता माणूस.
कोण होता कोण जाणे.
मालकांच्या वहीत नाव नाही,
भिंतीला मात्र त्याची बसायची जागा पाठ.

तेव्हापासून रस्त्याने चालणं जड झालंय.
पोस्टाच्या काउंटरवर शिक्के आजमावून पाहिलेत,
तारखांवर तारखा, एकही वाचता येत नाही.
इस्त्रीवाल्या रामदुलारच्या घोंगडीवर
जळका त्रिकोण. तो लाजून त्यावर शर्ट ठेवतो.
सातवीतल्या आफ्रीनने कुंचला पुसलेला कागद
मी कचऱ्यातून उचलून घरी आणला.
गुण मात्र केळ्यालाच दिले होते. दहापैकी चार.

काल नीट पाहिलं तर डागाशेजारी
अजून एक. धाकटा, चार बोटं खाली, ताजा.
मूल असेल त्याचं, वाटलं. किंवा ठेंगणी बायको.
पण रंग तर मागच्या वर्षीचा.
मग कॅनव्हाससमोर रोजच्यासारखी टेकून बसले
आणि डोकं बरोब्बर तिथे गेलं.

आठ महिन्यांत काहीच काढलं नाही
असं मी सगळ्यांना सांगत होते.

आज तळहातावर खोबरेल घेतलं,
कॅनव्हासला चोळलं, डोकं टेकावं तसं,
आणि वरून पांढरा. एक हात, दुसरा, तिसरा.
परकार जिन्यावरून डोकावले.
"काय काढलंत?"
अजून दिसत नाही, म्हटलं.
ते जवळ आले, वास घेतला, हसले.
"उन्हाळा येऊ दे."