हललेला फोटो

दिरे दावाच्या जुन्या स्टेशनाची किल्ली
ओबो मूमेंच्या खिशात असते.
तिकीटखिडकीवरची फ्रेंच अक्षरं अजून शाबूत,
खाली शेळीच्या लेंड्या.
गाडी आता गावाबाहेरून जाते, विजेवर,
इकडे बघतसुद्धा नाही.

मी तिपाई मांडते, उजेड मोजते.
ओबो मूमे घड्याळाचं सांगत असतात:
साहेबाच्या घड्याळात सात वाजायचे तेव्हा
आमच्या गावात एकच वाजलेला असायचा.
सहा तासांचा फरक रोज फलाटावर ताटकळायचा,
तरी कुणाची गाडी चुकली नाही.
गाडीच कधी वेळेवर आली नाही ना!

मग सदऱ्याच्या आतून काढला
चार घड्या पडलेला एक फोटो.
इंजिन: रिव्हेट मोजून घ्यावेत.
तपासनीस: मिशीचा केसन् केस.
रुळांशेजारी झोपलेलं कुत्रं, तेही स्पष्ट.
आणि डाव्या कोपऱ्यात
एक करडा पट्टा. वाफ असावी.

"ही आई."

हलीमो. डोक्यावर संत्र्यांची पाटी,
डब्याच्या या खिडकीकडून त्या खिडकीकडे.
फोटोवाला ओरडला असेल, हलू नका.
तपासनिसाला परवडलं ते.
कुत्र्यालाही.

कशावरून ही तीच, मी विचारलं.
चालण्यावरून, म्हणाले.

मी कमान घेतली, गंजका वजनकाटा घेतला,
बिनकाचेची खिडकी, तिच्यातून आलेलं ऊन.
तुमचाही एक काढू?
नको. उभं राहून चाळीस वर्षं निशाण दाखवलं,
उभं राहण्याचा कंटाळा आलाय.
थोड्या वेळाने स्वतःच आले जवळ:
याचा डोळा किती वेळ उघडा राहतो?
म्हटलं, सांगाल तितका. दोन सेकंद. चार.
चार करा.

चपला काढून ठेवल्या,
माझी कॅमेऱ्याची पिशवी उचलून
डोक्यावर घेतली, एक हात वर,
आणि निघाले, डावीकडून,
फलाट भरलेला असल्यासारखे, खांदे चुकवत.

पडद्यावर खांब आले, दार आलं,
शेळी आली, कान ताठ.
मधून एक करडा पट्टा, खाली जरा वाकडा.

फोटो हललाय, मी सवयीने म्हणाले.

त्यांनी चष्मा पुसून घातला,
वाकड्या जागी बोट ठेवलं.
गुडघा, म्हणाले. तिचाही डावाच.

पिशवी अजून डोक्यावरच होती.
दुसऱ्या हाताने
ते किल्ली चाचपू लागले.