दोन ठिपके

दुर्मुहम्मदच्या भट्टीची पाटी मीच रंगवली,
पांढऱ्यावर निळी, सोहार बाजाराच्या मागच्या गल्लीत.
तिसऱ्या दिवशी तो हसत आला :
"परकार, सकाळपासून गिऱ्हाईक विचारतंय,
शाई केवढ्याला?"

खुब्झ म्हणजे रोटी. हिब्र म्हणजे शाई.
अक्षरं तीच तीन. वरचे दोन ठिपके राहिले होते.
मला तर दिल्याचं आठवत होतं.
त्या आठवड्यात डोळ्यापुढे इतके काळे ठिपके तरंगत होते
की त्यातलेच दोन मोजले गेले असतील.

डावा डोळा लालभडक, उन्हाची सुई आरपार.
डॉक्टर इब्तिहाजनी माझी हनुवटी यंत्रात ठेवली,
आत बराच वेळ पाहिलं.
सूज आतल्या पडद्याला आहे, म्हणाल्या.
घरात आणखी कुणाला?

नाही. जुळा भाऊ आहे, मुनाफ,
दाभोळच्या फेरीबोटीवर तिकिटं फाडतो.
आई आम्हाला पायातल्या काळ्या दोऱ्यावरून ओळखायची.
त्याचा डोळा बगळ्याच्या पिसासारखा.

त्यांनी कागद ओढला :
जनुकं दोघांची तीच, अक्षर न् अक्षर.
पण त्यांवर बारीक खुणा बसत जातात,
धुराच्या, जागरणांच्या, कशाकशाच्या,
आम्हालाही सगळं ठाऊक नाही.
खूण बसली की एखादं जनुक गप्प होतं,
निघाली की दुसरं ओरडत सुटतं,
आणि पहारेकरी आपल्याच घरावर धावून जातात.

मी म्हटलं, थांबा बाई, हे मला कळलं.
एकवीस वर्षं याच ठिपक्यांवर पोट भरतोय.
मग पुसता येतील? टर्पेंटाईन आहे काही?

त्या हसल्या नाहीत.
"उंदरांवर चाललंय. माणसाला वेळ आहे.
तोवर हे थेंब, दर दोन तासांनी. बाटली हलवून."

औषधाने बाहुली एवढी रुंदावलीय
की रात्री बंदरावरचे दिवे काटेरी दिसतात.
मुनाफ व्हिडिओवर येतो.
डोळा जवळ आण, म्हणतो मी. अजून.
पडदा भरून जातो.
"काय बघतोस रे?"
"वाचतोय."

शुक्रवारी ब्रश घेऊन भट्टीवर गेलो.
दुर्मुहम्मदने शिडी धरली, हात पिठाचे.
उजवा ठिपका बसला.
दुसऱ्याला ब्रश उचलला तर तिथे
आधीच एक होता, हलणारा.
खालून तो ओरडला,
"आणखी डावीकडे. हां, तिथे काही नाहीये. दे."